रीफ टँकसाठी डॅमसेल: कोणता, किती आणि केव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे कोरल असलेली, ९० सेंटिमीटर लांब, साधारण २०० लिटरची, आठ महिने चाललेली. आत ओसेलारिस क्लाऊनफिशची जोडी, एक फायरफिश, दोन क्लीनर श्रिम्प, थोडे सॉफ्ट कोरल आणि काही एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, कडक सांगाड्याचे कोरल). आता निळा-पिवळा रंग आणि थोडी हालचाल हवी आहे. दुकानात यलोटेल, ब्लू डेव्हिल, डॉमिनो, थ्री-स्ट्राइप आणि ग्रीन क्रोमिस असे डॅमसेल या छोट्या समुद्री माशांचे पाच प्रकार आहेत. प्रत्येकी दोन घेतले तर चालतील का? शिवाय दुसरी एक छोटी टाकी सुरू करायची आहे, तिचं सायकलिंग (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं) टाकीत आधी डॅमसेल घालून करावं का?

आधी उत्तर सांगतो. पाचांतला यलोटेल घ्या. एकतर एकच घ्या, नाहीतर एकाच दिवशी सारख्या आकाराचे तीन सोडा. दोन मात्र नकोत. डॉमिनो आणि थ्री-स्ट्राइप या टाकीत अजिबात नकोत. ब्लू डेव्हिल फायरफिशच्या मुळावर येईल. ग्रीन क्रोमिसचा थवा २०० लिटरमध्ये टिकणं अवघड आहे. आणि सायकलिंगसाठी कुठलाच मासा लागत नाही.

आता कारणं. पोमासेंट्रिडी या कुळात चारशेच्या वर जाती आहेत आणि तुमचे क्लाऊनफिशही याच कुळातले. त्यामुळे ‘डॅमसेल भांडतात’ या सरसकट वाक्याला फारसा अर्थ नाही. कुठला मासा किती भांडेल हे ओळखायची सोपी खूण म्हणजे तो समुद्रात कुठे खातो. खडकाच्या वर, वाहत्या पाण्यात तरंगणारे प्लवंग टिपणाऱ्या जातींचं अन्न आपोआप वाहत येतं, त्यामुळे त्यांना राखण करायची गरज कमी. क्रोमिस या गटातले. उलट, खडकावरचं शेवाळ खाणाऱ्या जातींचं पोट त्या तेवढ्या तुकड्यावर असतं. स्टेगॅस्टेस गटातले काही मासे तर शेवाळाचा पट्टा जोपासतात आणि त्यासाठी जिवंत कोरल चावून मारतात. अशा माशाला टाकीत घेणं म्हणजे स्वतःच्या बागेत आपणच चोर नेमणं. क्रिसिप्टेरा वंशातल्या छोट्या जाती या दोन टोकांच्या मधे पडतात: एक बीळ आणि त्याच्या आजूबाजूचा वीतभर भाग त्या आपला मानतात, बाकीची टाकी सोडून देतात. घरच्या टाकीसाठी आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

दुसरी खूण पूर्ण वाढीची लांबी. दुकानात सगळेच अडीच-तीन सेंटिमीटरचे असतात, सगळेच गोंडस दिसतात, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. यलोटेल सात सेंटिमीटरवर थांबतो. डॉमिनो चौदापर्यंत जातो, आणि तो नुसता लांब होत नाही, उंच आणि जाड होतो. सार्जंट मेजर वीस सेंटिमीटर ओलांडतो. ज्वेल डॅमसेलचं पिल्लू गडद निळ्यावर चमकत्या ठिपक्यांचं असतं, पुढे तो वीसेक सेंटिमीटरचा तपकिरी-काळपट, पिवळ्या शेपटीचा दांडगा मासा होतो. नियोग्लिफिडोडॉन वंशातल्या दोन जाती तर पिल्लाच्या रंगावरच विकल्या जातात. ऑक्सिओडॉनच्या अंगावरच्या विजेसारख्या निळ्या रेघा वयानुसार विरतात. मेलासचं पांढरं-पिवळं पिल्लू मोठेपणी पूर्ण काळं होतं आणि सॉफ्ट कोरल खातं. अशा वेळी दुकानातल्या पाटीवरचं नाव पुरेसं नाही. शास्त्रीय नाव विचारा, ते कळलं नाही तर मासा घेऊ नका.

पाटीवरच्या नावांचा घोळ एवढा आहे की ओळखायच्या खुणा नीट सांगायला हव्यात. ‘ब्लू डॅमसेल’ या एका नावाखाली चार-पाच जाती विकल्या जातात. यलोटेल म्हणजे क्रिसिप्टेरा पॅरासेमा: अंग गडद निळं, आणि पिवळा रंग फक्त शेपटीवर व शेपटीच्या बुंध्यावर. त्याचा भाऊबंद क्रिसिप्टेरा हेमिसायनिया, ज्याला अझ्युर डॅमसेल म्हणतात, त्याचा पिवळा रंग शेपटीवरून पोटाखालून पुढे सरकलेला असतो, जणू मासा पिवळ्या रंगात तिरका बुडवून काढलाय. दुकानात या दोघांची सर्रास अदलाबदल होते. दोन्ही सात सेंटिमीटरच्या आतबाहेरचे आणि स्वभावाने जवळपास सारखे, त्यामुळे चुकून दुसरा आला तरी बिघडत नाही. अझ्युर मिळाला तर उलट तोच घ्या, तो किंचित शांत असतो.

बिघडतं ते ब्लू डेव्हिल आला तर. क्रिसिप्टेरा सायनिया हा साडेआठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याच्या तोंडापासून डोळ्यातून मागे जाणारी एक काळी रेघ असते, ती पॅरासेमाला नसते. मादीच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाशी एक छोटा काळा ठिपका असतो. काही भागांतल्या नरांची शेपटी नारिंगी-पिवळी असते, आणि असा नर घाईत पाहिला की तो यलोटेल म्हणून घरी येतो. म्हणून शेपटी बघून न थांबता डोळ्याकडे बघा. ब्लू डेव्हिल वाईट मासा नाही. ३०० लिटरच्या पुढे, टँग, मोठे रॅस किंवा ड्वार्फ एंजलसारखे स्वतःचं बघून घेणारे शेजारी असतील तर तो वर्षानुवर्षं झळकतो. पण फायरफिशसारखा, धक्का बसला की बिळात शिरून दोन दिवस न जेवणारा मासा त्याच्यासमोर टिकत नाही. घाबरल्यावर ब्लू डेव्हिल स्वतः काळपट पडून कपारीत शिरतो. हा आजार नव्हे. निवांत वाटलं की काही मिनिटांत निळाई परत येते.

निळ्याच रंगाचे आणखी दोन पर्याय नजरेत ठेवा. क्रिसिप्टेरा स्प्रिंगेरी साडेपाच सेंटिमीटरचा, गडद निळ्यावर काळपट खुणांचा असतो. पोमासेंट्रस अलेनी लांबट, निळा आणि पोटाकडे पिवळसर असतो, तो पाण्याच्या मधल्या थरात जास्त पोहतो. निळ्याचा हट्ट नसेल तर क्रिसिप्टेरा टालबोटी हा सगळ्यांत सोशिक: डोकं पिवळसर, अंग फिकट जांभळट आणि पाठीवर एक मोठा काळा डाग, लांबी सहा सेंटिमीटर. तो क्वचितच दुकानात येतो. दिसला तर यलोटेल बाजूला ठेवून तोच घ्यावा असं माझं मत आहे.

डॅसिलस वंशाबद्दल दोन गोष्टी. पांढऱ्यावर तीन काळे पट्टे आणि शेपटी कोरी असेल तर तो अरुआनस, म्हणजे थ्री-स्ट्राइप. शेपटीच्या टोकालाही काळा असेल तर मेलान्यूरस, म्हणजे फोर-स्ट्राइप. समुद्रात हे मासे फांदीदार कोरलच्या एकेका झुडपात घोळक्याने राहतात. त्या घोळक्यात आकारानुसार कडक उतरंड असते आणि मोठी मादी पुढे नर होऊ शकते. टाकीत पाच सोडले तर हीच उतरंड उभी राहते, फक्त खालच्यांना दुसऱ्या झुडपात पळून जायची सोय नसते. शेवटी एक उरतो, आणि तो टाकीतल्या बाकी सगळ्यांना त्याच हिशेबात धरतो. डॉमिनो, म्हणजे डॅसिलस ट्रायमॅक्युलॅटस, याच वंशातला. लहानपणी तो ॲनेमोनमध्ये राहतो, म्हणजे तुमच्या क्लाऊन जोडीच्या जागेवर त्याचा थेट डोळा. मोठा झाल्यावर कपाळावरचा आणि दोन्ही बाजूंचे पांढरे ठिपके पुसट होतात, रंग मळका होतो आणि उरतो तो फक्त स्वभाव. सहाशे-सातशे लिटरच्या, दांडग्या माशांच्या टाकीत ठेवायचा असेल तर प्रश्न नाही. रीफमध्ये त्याचं काम नाही.

ग्रीन क्रोमिसबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण ‘शांत डॅमसेल’ म्हणून सगळे तोच सुचवतात. क्रोमिस व्हिरिडिस दुसऱ्या जातींशी खरोखर शांत असतो. भांडण असतं ते आपसात. सात सोडा, पहिला महिना थवा सुंदर दिसतो. मग सगळ्यात छोटा एका कोपऱ्यात राहायला लागतो, त्याच्या शेपटीचे परे झिजतात, तो जातो. मग त्याच्या वरचा. वर्षभरात बहुतेकदा दोन-तीन उरतात. प्रजननाच्या काळात नर पिवळसर होतो, पराचा मागचा भाग काळवंडतो, आणि तो जागा धरून बसतो. असा रंग दिसला की थव्याचे दिवस भरत आले समजा. याशिवाय या जातीला युरोनेमा नावाच्या एकपेशीय जिवाचा मोठा त्रास होतो. अंगावर लालसर, भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि मासा एक-दोन दिवसांत मरतो. युरोनेमा माशाशिवायही टाकीत जगतो, त्यामुळे टाकी रिकामी ठेवून तो जात नाही, आणि तांब्याच्या औषधाला तो दाद देत नाही. थवाच हवा असेल तर १२० सेंटिमीटरच्या पुढची लांबी, वरच्या थरात मोकळं पाणी, दिवसातून तीन-चार वेळा खाणं आणि एकदम आठ-दहा मासे, ही किमान तयारी. तुमच्या टाकीत एक किंवा दोन क्रोमिस ठेवून तो परिणाम मिळणार नाही.

संख्येचं गणित. दोन यलोटेल असले की एक वरचढ आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळा मार. तीन असले की वरचढाचं लक्ष विभागलं जातं. चार-पाच केले तर आणखी विभागलं जाईल हे खरं, पण २०० लिटरमध्ये, त्यातही खडक आणि वाळू वजा जाता हाती राहणाऱ्या १६०-१७० लिटरमध्ये, तेवढ्या हद्दी बसत नाहीत. तीनही एकदम आले पाहिजेत. आज एक, महिन्याने दोन, हा क्रम सगळ्यात वाईट. आणि तिघांमध्ये नर-मादीची जोडी जमली तर तिसऱ्याला बाहेर काढायची वेळ येऊ शकते, हे आधीच गृहीत धरा. ती कटकट नको असेल तर एकच यलोटेल घ्या. एकटा मासा दुःखी राहत नाही, उलट जास्त मोकळा फिरतो.

खडकाची मांडणी आत्ताच, मासे यायच्या आधी, तपासा. एकसलग भिंत असेल तर एक मासा पूर्ण भिंतीवर नजर ठेवतो. तीच सामग्री दोन-तीन वेगळ्या ढिगांत, मधे हाताचा पंजा जाईल एवढी फट ठेवून लावली की नजर अडते आणि हद्दी आपोआप पडतात. प्रत्येक ढिगात बोटभर जाडीची तीन-चार बिळं असू द्या, आणि त्यातली काही दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणजे पळणारा मासा आत कोंडला जाणार नाही. खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवा. क्रिसिप्टेरा बिळाखालची वाळू उपसतात आणि वरचा खडक कलंडू शकतो.

सायकलिंगचं उत्तर दोन ओळींत. नव्या टाकीत अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) न्या, बाटलीतले नायट्रिफाइंग जिवाणू घाला, आणि दिलेला तेवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊन नायट्राइटही शून्य दिसेपर्यंत थांबा. टाकीत डॅमसेल घालून केलेल्या सायकलिंगमध्ये माशाचे कल्ले अमोनियाने भाजतात. जगलाच तर रिकाम्या टाकीचा प्रत्येक कोपरा त्याने आपल्या नावावर करून घेतलेला असतो, आणि पुढे येणारा प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर. काटक आहे म्हणून त्याला पहिला सोडायची जुनी पद्धत नेमकी उलटी होती: डॅमसेल यादीत शेवटचा हवा. आधी फायरफिश, गोबी, ब्लेनी, मग क्लाऊन, मग डॅमसेल. तुमची टाकी योगायोगाने बरोबर क्रमाने भरत आली आहे. पुढे आणखी कुठला बुजरा मासा घ्यायचा विचार असेल तर तो डॅमसेलच्या आधी घेऊन टाका.

दुकानात मासा निवडताना त्याला समोर खायला घालायला सांगा. झडप घालून खाणारा घ्या, गोळी तोंडात घेऊन थुंकणारा सोडून द्या. समोरून बघा: पोट आत गेलेलं आणि पाठीची कड धारदार दिसत असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे. कल्ल्यांची हालचाल शेजारच्या माशांपेक्षा भरभर असेल, किंवा तो पंपाच्या झोतात तोंड धरून बसला असेल, तर व्हेल्व्हेट या जीवघेण्या परजीवी आजाराचा संशय धरा. मिठाच्या दाण्यासारखे सुटे ठिपके म्हणजे बहुधा मरीन इक हा दुसरा परजीवी आजार, पिठासारखी बारीक भुकटी म्हणजे व्हेल्व्हेट, आणि व्हेल्व्हेट मासा फार झपाट्याने मारतो. त्याच टाकीत एक जरी मासा असा दिसला तरी दुसरा निरोगी वाटणाराही घेऊ नका, पाणी एकच आहे. माल येऊन आठवडा झाला असेल तर चांगलं. क्रिसिप्टेराच्या काही जाती आता बंदिवासात पैदा केलेल्याही मिळतात. मिळाल्या तर त्याच घ्या, त्या गोळीवर वाढलेल्या असतात. तिघं घेताना सगळ्यात छोटे आणि एकमेकांच्या बरोबरीचे निवडा.

क्वारंटाइन टाळायचं नाही. नवे मासे काही आठवडे वेगळे ठेवायला ४० लिटरची, तळाला वाळू नसलेली टाकी, आधीच मुरलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढं पुरतं. माशांपेक्षा पाइपचे तुकडे दोन-तीन जास्त ठेवा, नाहीतर भांडण इथेच सुरू होतं. जाळी किंवा झाकण हवं. घरी आल्यावर पिशवी न उघडता वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग उघडून क्षारता (पाण्याचं विशिष्ट गुरुत्व) मोजा. बरीच दुकानं माशांच्या टाक्या १.०१८ ते १.०२० वर चालवतात, तुमची रीफ १.०२५-१.०२६ वर असते. क्वारंटाइनचं पाणी आधीच दुकानाच्या आकड्यावर आणून ठेवा, मासा जाळीने उचलून थेट सोडा, आणि पुढे रोज १.००१ ते १.००२ ने क्षारता वाढवत न्या. क्षारता खाली आणणं माशाला सोसतं, झटक्यात वर नेणं सोसत नाही. लांबून पिशवीत आलेल्या माशाला तासभर थेंबथेंब पाणी देत बसणं धोक्याचं असतं. पिशवी उघडली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वाढतो, आणि तोवर निरुपद्रवी असलेलं अमोनियम विषारी अमोनियात बदलतं. पिशवीचं पाणी कुठल्याच टाकीत ओतायचं नाही.

दोन दिवस मासे नीट खाताहेत असं दिसलं की चिलेटेड (दुसऱ्या रेणूला बांधलेल्या) तांब्याचं औषध सुरू करा. दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने २.० ते २.५ पीपीएमपर्यंत न्या आणि तिथे सलग ३० दिवस ठेवा. मधे एकदा जरी पातळी २ च्या खाली गेली तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हा आकडा चिलेटेड तांब्याचा आहे. आयॉनिक (मोकळ्या) तांब्याची मात्रा याच्या दहावा हिस्सा, ०.२ पीपीएमच्या आसपास असते आणि दोन्हींची गल्लत झाली तर मासे मरतात. बाटलीवर कुठला प्रकार लिहिलाय ते वाचा. रंग ताडून बघायच्या पट्टीपेक्षा डिजिटल मोजणी बरी. या टाकीत लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र खडक) किंवा वाळू नको, ती तांबं शोषते. अमोनिया बांधणारे द्रव तांब्याबरोबर वापरू नका, ते चिलेटेड तांबं मोकळं करून त्याची विषबाधा घडवू शकतात. अमोनिया वाढला तर तेवढंच तांबं मिसळलेलं पाणी बदला. आणि तांब्याचा थेंबही रीफ टाकीत जाता कामा नये, तुमच्या दोन्ही श्रिम्प, गोगलगायी आणि कोरल त्यात जगत नाहीत. जाळी, बादली, नळी सगळं वेगळं ठेवा.

आता मुख्य टाकीत सोडण्याचा दिवस. भोकं पाडलेली ॲक्रिलिकची ॲक्लिमेशन बॉक्स काचेला लटकवा आणि तिघांना पाच ते सात दिवस तिच्यात ठेवा, आत पाइपचा एकेक तुकडा देऊन. इथे मोठी क्लाऊन मादी काय करते ते बघायचं. पहिल्या दिवशी ती बॉक्सवर धडका देईल, अंग थरथरवेल, आडवी होऊन पर ताणेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचा रस संपतो. सातव्या दिवशीही ती बॉक्स सोडत नसेल तर अजून थांबा, घाई केलीत तर मार डॅमसेलना पडेल. पाण्यात एक मासा मारकुटा आणि दुसरा गरीब एवढंच नसतं, आधीचा रहिवासी सहसा वरचढ. सोडण्याच्या आधी दोन-चार खडक हलवून घ्या, म्हणजे जुन्यांचे नकाशे चुकतात. नवा गडी, नवं राज्य. जुन्या माशांना पोटभर खायला घाला, दिवे मालवा, आणि अर्ध्या तासाने बॉक्स उघडा.

पुढचे तीन दिवस किती आणि कसा पाठलाग होतो ते बघा. एक-दोन सेकंदांची झेप, मग मागे फिरणं, एवढं चालतं, ती हद्दीची बोलणी आहेत. पण नवा मासा पृष्ठभागालगतच्या कोपऱ्यात उभा राहिला, ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर जाण्याच्या जागेच्या) दात्यांमागे किंवा हीटरच्या आड लपला, शेपटीची कड फाटली, आणि खाणं टाकल्यावरही तो जागचा हलला नाही, तर ती बोलणी संपली आहेत. त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवसाची वाट बघणं म्हणजे सहसा मेलेला मासा काढणं. फायरफिशसाठी वेगळी काळजी: तो हल्ल्यात मरत नाही, उडी मारून मरतो. ६ मिलिमीटरच्या भोकांची जाळी झाकणावर पूर्ण बसलेली हवी, वायर जाते तो कोपराही बंद.

काढायचं म्हणजे कसं, हे आधी माहीत असायला हवं, कारण यलोटेलला जाळीने पकडायला गेलात तर तास जाईल आणि कोरल पडतील. पहिला उपाय सापळा: वर दोर बांधलेल्या दाराची पारदर्शक पेटी. ती दोन-तीन दिवस दार उघडं ठेवून आत ठेवा, पंप बंद करून खाणं फक्त तिच्यातच टाका. मासा सरावाने आत शिरायला लागला की दार पाडा. पण डॅमसेल आठवडाभरात एक बीळ पक्कं करतो, धोक्याची चाहूल लागली की बाणासारखा नेमका तिथेच शिरतो आणि आतून पर ताणून अडकून बसतो. तो खडक सुटा असेल तर मासा आत असतानाच सावकाश उचला आणि बादलीवर धरा. पाणी निथळलं की मासा स्वतःच खाली पडतो. बहुतेकदा सापळ्यापेक्षा हे जलद होतं. म्हणूनच सगळे खडक सिमेंटने किंवा इपॉक्सीने एकत्र जोडून टाकू नयेत, वरचे दोन-तीन सुटे असावेत.

भांडण कमी ठेवायचा सर्वांत स्वस्त उपाय खाण्यात आहे. हे मासे दिवसभर थोडंथोडं टिपत राहणारे. एकदा भरपूर घालण्याऐवजी दोन-तीन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढं, आणि टाकीच्या दोन टोकांना घाला, म्हणजे वरचढ एका टोकाला असताना दुसऱ्याला दुसरीकडे मिळतं. अर्धा ते एक मिलिमीटरच्या गोळ्या रोज, वितळवून गाळलेला मायसिस (कोळंबीसारखे बारीक गोठवलेले जीव) दिवसाआड, आठवड्यात दोनदा स्पिरुलिना असलेलं काहीतरी. नुसत्या ब्राइन श्रिम्पवर ठेवलेला मासा रोडावतो आणि रंगही उतरतो. खाणं वाढवलं की नायट्रेट आणि फॉस्फेट चढणार. नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आत राहिलं तर तुमच्या सॉफ्ट कोरल आणि एलपीएसना त्रास नाही. त्यापुढे गेलं तर खाणं तोडण्याआधी स्किमरचा (पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्राचा) कप घासलाय का ते बघा.

तिघांत जोडी जमली तर ते वागण्यातून कळेल. नर एखाद्या खडकाची खालची बाजू किंवा रिकामा शिंपला तोंडाने घासून साफ करतो, मग पाण्यात वरखाली झेपा घेत मादीला बोलावतो. मिलिमीटरभर लांबीची अंडी त्या जागेला चिकटवलेली असतात. नर पराने त्यांना वारा घालतो आणि तीन-चार दिवसांनी अंधारात ती फुटतात. त्या दिवसांत तो आपल्या दुप्पट आकाराच्या माशावर आणि काच पुसणाऱ्या हातावरही धावून जातो. चावा लागत नाही, पण दचकून हात हलला की कोरल तुटतं, तेव्हा टाकीत काम करताना त्या कोपऱ्यापासून लांब राहा. फायरफिशचं बीळ त्याच ढिगात असेल तर या काळात त्याच्या विरुद्ध टोकाला पीव्हीसीचा एक तुकडा खडकामागे टाकून द्या, तो दोन दिवसांत तिथे मुक्काम हलवतो.